३६ वर्षे खासदारकी, १५ महिने तुरुंगवास: शिकागोचे डॅन रॉस्टेनकाउस्की

उत्तररेषा

ओहेअर विमानतळाकडून शिकागोच्या मध्यवस्तीत येणारा केनेडी एक्सप्रेसवे एका ठिकाणी विटांच्या एका जुन्या चर्चला इतका खेटून जातो, की वाहतूक तुंबली म्हणजे गाडीत बसल्या बसल्या त्या चर्चच्या खिडक्या मोजता येतात. हे सेंट स्टॅनिस्लॉस कॉस्टका चर्च. शिकागोतल्या पोलिश लोकांनी १८६७ साली स्थापन केलेली ही त्यांची पहिली पॅरिश. रस्त्याच्या मूळ आखणीत चर्चवर कुदळ पडणार होती, पण आखणी पूर्वेकडे सरकवण्यात आली आणि वास्तू वाचली. त्याचे श्रेय या वस्तीतले जुने लोक ज्या माणसाला देतात, त्या डॅन रॉस्टेनकाउस्की यांचे घर चर्चच्या समोरच, नोबल स्ट्रीटवर होते. कामानिमित्त मी कित्येक वर्षे या रस्त्याने जाते आहे आणि चर्च दिसले की या माणसाचा विचार मनात येतो.

रॉस्टेनकाउस्की जानेवारी १९५९ पासून जानेवारी १९९५ पर्यंत, म्हणजे सलग १८ वेळा निवडून येऊन, अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात शिकागोचे खासदार होते. १९८१ पासून ते 'वेज अँड मीन्स' समितीचे अध्यक्ष होते. अमेरिकेच्या संविधानाप्रमाणे महसुलाचे विधेयक आधी प्रतिनिधिगृहातच यावे लागते आणि तिथे ते याच समितीकडे जाते. त्यामुळे आयकर, आयात शुल्क, सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन योजना) आणि मेडिकेअर (वृद्धांचा सरकारी आरोग्यविमा) यांचा मोठा भाग, असा सगळा कारभार या एका अध्यक्षाच्या टेबलावरून पुढे सरकतो. मे १९९४ मध्ये त्यांच्यावर १७ आरोप ठेवले गेले, नोव्हेंबरात ते निवडणूक हरले, एप्रिल १९९६ मध्ये त्यांनी दोन आरोपांची कबुली दिली आणि वयाच्या ६८ व्या वर्षी ते तुरुंगात गेले. राजकारणी माणूस गजाआड गेला की आपण 'किती खाल्ले' एवढे विचारून मोकळे होतो. या प्रकरणात तो प्रश्न पुरत नाही, असे मला वाटते, म्हणून हा धागा.

त्यांचे वडील जो रॉस्टेनकाउस्की शहराच्या ३२ व्या वॉर्डाचे नगरसेवक होते आणि पक्षाचे वॉर्डप्रमुखही होते. त्या काळी शिकागोच्या डेमोक्रॅटिक पक्षाला लोक 'मशीन' म्हणत आणि ते नाव अगदी योग्य होते. वॉर्डप्रमुखाच्या हाताखाली गल्लीगल्लीचे कार्यकर्ते असत. कोणाच्या मुलाला महापालिकेत नोकरी हवी, कोणाच्या दारातला कचरा उचलला गेला नाही, कोणाला पोलीस चौकीतून सोडवायचे आहे, ही कामे ते करत आणि मतदानाच्या दिवशी त्याची परतफेड मतांनी होई. कार्यकर्त्याला स्वतःलाही पालिकेची नोकरी मिळे आणि तिचा पगार खरे तर पक्षाच्या कामासाठी असे. या घरात वाढलेल्या मुलाला सरकारी पगारपत्रक आणि पक्षाचे काम यांच्यामध्ये भिंत असते, हे कोणी शिकवले नसणार. १९५२ साली ते राज्याच्या विधानसभेवर निवडून आले, पुढे राज्याच्या सिनेटवर गेले आणि १९५८ साली महापौर रिचर्ड जे. डेली यांच्या आशीर्वादाने वॉशिंग्टनसाठी निवडून आले. वय वर्षे ३०. तरुण माणूस पाठवला तर त्याच्या नावावर ज्येष्ठता साठत जाईल आणि एक दिवस शिकागोचा माणूस मोठ्या समितीच्या अध्यक्षपदी बसेल, हा त्यामागचा हिशेब होता. तो खरा ठरायला २२ वर्षे लागली.

मध्ये एक जबर ठेच लागली. ऑगस्ट १९६८ मध्ये शिकागोत पक्षाचे राष्ट्रीय अधिवेशन भरले होते. बाहेर रस्त्यावर पोलीस युद्धविरोधी तरुणांना झोडपत होते आणि आत सभागृहात अध्यक्ष कार्ल अल्बर्ट यांना कोणी जुमानत नव्हते. टीव्हीवर हा गोंधळ पाहून राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी फोन केला आणि रॉस्टेनकाउस्की यांनी अल्बर्ट यांच्याकडून हातोडा घेऊन सभागृह शांत केले. हा किस्सा ते पुढे रंगवून सांगत असत आणि तो अल्बर्ट यांच्या कानावर जात असे. १९७१ साली अल्बर्ट सभापती झाले. पक्षाच्या प्रतोदपदासाठी रॉस्टेनकाउस्की यांचे नाव पुढे आले तेव्हा अल्बर्ट यांनी ते ठामपणे नाकारले आणि ते पद बोस्टनच्या टिप ओनील यांना मिळाले, जे त्याच शिडीने चढत पुढे सभापती झाले. त्याच सुमारास पक्षाच्या खासदार गटाचे अध्यक्षपदही रॉस्टेनकाउस्की यांच्या हातून गेले. दुसरा कोणी असता तर कडवट होऊन बाजूला पडला असता. ते करसमितीत खाली मान घालून काम करत राहिले.

त्यांच्या कामाची रीत समजण्यासाठी मला एक चित्र फार उपयोगी वाटते. सुरुवातीच्या वर्षांत ते आणि इलिनॉयमधले दोन रिपब्लिकन खासदार, बॉब मिशेल आणि हॅरल्ड कॉलियर, आठवड्याच्या शेवटी वॉशिंग्टनहून एकाच गाडीने घरी येत. स्टेशन वॅगनच्या मागच्या भागात गादी टाकलेली असे. आळीपाळीने एक जण गाडी चालवी, एक जण त्याला जागे ठेवी आणि एक जण झोपे. हेच मिशेल पुढे रिपब्लिकन पक्षाचे गृहनेते झाले आणि हे समितीचे अध्यक्ष. रात्रभर एका गादीवर पाळीपाळीने झोपलेल्या माणसांना एकमेकांचा शब्द किती टिकतो ते कळलेले असते.

आणि १९८६ चा करसुधारणा कायदा हा त्याच शब्दावर चालणाऱ्या राजकारणाचा कळस होता. २८ मे १९८५ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी दूरचित्रवाणीवरून करसुधारणेचा प्रस्ताव मांडला. विरोधी पक्षातर्फे उत्तर द्यायला रॉस्टेनकाउस्की आले आणि विरोध करायचे सोडून त्यांनी राष्ट्राध्यक्षांना साथ देऊ केली. लोकांनी आपल्याला पत्रे लिहावीत, आडनाव लिहायला अवघड वाटले तर नुसते 'रॉस्टी' लिहावे, असे आवाहन त्यांनी केले. सुमारे ७५,००० पत्रे आली. पुढचे दीड वर्ष त्यांनी समितीत बंद दाराआड एकेक सवलत कापली, एकेक सदस्य सांभाळला, आणि २२ ऑक्टोबर १९८६ रोजी कायद्यावर सही झाली. व्यक्तींसाठी आयकराचा सर्वोच्च दर ५० टक्क्यांवरून २८ टक्क्यांवर आला, कंपन्यांचा ४६ वरून ३४ वर, आणि त्या बदल्यात करचुकवेगिरीच्या असंख्य पळवाटा बुजल्या. दोन्ही पक्षांनी मिळून इतका मोठा करकायदा करणे आज जवळजवळ अशक्य वाटते.

मग प्रश्न असा, की एवढा शब्दाचा पक्का माणूस स्टेशनरीच्या दुकानातल्या भेटवस्तूंपायी तुरुंगात कसा गेला?

जुना_करदाता

लेख आवडला. मी १९८० च्या दशकापासून न्यू जर्सीत लोकांचे कर भरून देण्याचे काम करतो, त्यामुळे या कायद्याबद्दल थोडी भर घालतो.

आजही इथल्या आपल्या लोकांच्या रोजच्या आयुष्यात रॉस्टेनकाउस्की आहेत, फक्त त्यांचे नाव माहीत नसते. निवृत्तीचे पूर्ण वय ६५ वरून हळूहळू ६७ वर नेणारी तरतूद १९८३ च्या सोशल सिक्युरिटी दुरुस्तीतली, जी त्यांच्या समितीतून गेली. त्या वेळी निधीत खडखडाट व्हायची वेळ आली होती. १९६० मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेले माझे सगळे अशील '६७ का?' असे विचारतात, तेव्हा त्याचे उत्तर तिथे आहे. १९८६ च्या कायद्याने पाच वर्षांवरील अवलंबित मुलांचे सोशल सिक्युरिटी क्रमांक विवरणपत्रात लिहिणे सक्तीचे केले. पुढच्याच वर्षी देशातल्या विवरणपत्रांतून सुमारे ७० लाख मुले नाहीशी झाली. अनेक जण आपल्या कुत्र्यामांजरांच्या नावावरही सूट घेत होते, असे तेव्हा उघडपणे बोलले गेले.

परंतु त्याच कायद्याची दुसरी बाजू मला सांगितलीच पाहिजे. मते जुळवण्यासाठी या कायद्यात 'संक्रमणकालीन नियम' नावाच्या शेकडो खास सवलती घातल्या गेल्या. कायद्यात लाभार्थ्याचे नाव लिहायचे नाही, म्हणून अशी वाक्ये होती: १३ जून १९१७ रोजी स्थापन झालेली आणि ओक्लाहोमा राज्यातल्या बार्टल्सव्हिल गावात मुख्य कचेरी असलेली कंपनी. अशी कंपनी जगात एकच होती, फिलिप्स पेट्रोलियम. फिलाडेल्फियाच्या 'इन्क्वायरर' दैनिकाच्या दोन पत्रकारांनी यातले एकेक वर्णन उकलून त्यामागचा माणूस किंवा कंपनी शोधून काढली आणि त्या लेखमालेला १९८९ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. हे सगळे पूर्णपणे कायदेशीर होते. मला वाटते, वॉर्डातली नोकरी देणे आणि ही सवलत देणे यामागची समज एकच आहे. तू माझ्याबरोबर राहा, मी तुझे काम करतो. पहिल्या गोष्टीसाठी माणूस तुरुंगात जातो आणि दुसरीसाठी त्याला कुशल कायदेकार म्हणतात.

योगायोग असा, की सिनेटमध्ये हेच विधेयक ज्यांनी तारून नेले ते ओरेगॉनचे बॉब पॅकवूड यांनाही १९९५ साली राजीनामा द्यावा लागला, स्त्रियांशी केलेल्या गैरवर्तनामुळे.

शुक्रतारा

आम्ही १९८८ च्या हिवाळ्यात शिकागोत आलो. रॉस्टेनकाउस्की हे नाव मला पहिल्यांदा कळले ते ऑगस्ट १९८९ मधल्या एका बातमीमुळे, आणि ती दृश्ये मी अजून विसरलेले नाही.

१९८८ साली काँग्रेसने वृद्धांच्या मोठ्या आजारपणाच्या खर्चासाठी मेडिकेअरमध्ये नवे संरक्षण आणले होते, पण त्याचा खर्च वृद्धांनीच, त्यातही बऱ्या उत्पन्नाच्या वृद्धांनी जास्तीचा कर भरून उचलायचा होता. शिकागोच्या वायव्य भागात एका सभागृहात ज्येष्ठ नागरिकांबरोबर त्यांची बैठक होती. ती आटोपून ते गाडीत बसायला निघाले तेव्हा बाहेर जमलेले वृद्ध स्त्रीपुरुष संतापलेले होते. त्यांनी गाडी अडवली, हातातल्या फलकांनी तिच्यावर मारायला सुरुवात केली आणि एक आजीबाई गाडीच्या बॉनेटवरच पडून राहिल्या. त्यांचा चेहरा काचेच्या एका बाजूला आणि चालकाचा दुसऱ्या बाजूला. शेवटी हा उंच, धिप्पाड, करसमितीचा अध्यक्ष गाडीतून उतरला, पेट्रोलपंपाच्या आवारातून झपाझप चालत आणि मग पळत सुटला, आणि गाडीने पुढे जाऊन त्यांना उचलले. त्याच वर्षी काँग्रेसने तो कायदा रद्द केला.

माझ्या सासूबाई त्या वेळी आमच्याकडे आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "एवढी म्हातारी माणसं रस्त्यावर येतात, म्हणजे ह्यांच्याशी आधी कुणी बोललंच नसेल." मला ते अगदी पटले. बंद दाराआड ७५,००० पत्रांच्या बळावर कायदा करणारा माणूस आपल्या वॉर्डातल्या म्हाताऱ्यांचे मन ओळखू शकला नाही. मशीनच्या कार्यकर्त्याला पूर्वी हेच सगळ्यात आधी कळत असे. पुढे १९९४ साली लोकांनी त्यांना पाडले तेव्हा सगळे जण प्रतिनिधिगृहाच्या टपालघरातल्या अफरातफरीच्या प्रकरणाकडे बोट दाखवत होते. मला मात्र ती गाडी आठवली.

कंदील

धागाकर्तीने 'भेटवस्तू' म्हटले आहे. मी तर आजवर हेच ऐकत आलो, की त्यांनी टपाल तिकिटांचे पैसे केले. खरे काय? आणि तिकिटांचे पैसे होतात कसे?

उत्तररेषा

कंदील, तुमचा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण लोकांच्या लक्षात राहिलेले आणि न्यायालयात कबूल झालेले या दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत.

अमेरिकेच्या खासदाराला सरकारी पत्रांसाठी तिकीट लागत नाही. पाकिटावर त्याची सही छापली की ते जाते. तरीही काही कामांसाठी कार्यालयाच्या खर्चातून तिकिटे घेता येत. १९९१ साली प्रतिनिधिगृहाच्या स्वतःच्या टपालघरातल्या कारकुनांच्या अफरातफरीची चौकशी सुरू झाली आणि धागा वर वर जात पोस्टमास्तर रॉबर्ट रोटा यांच्यापर्यंत पोहोचला. जुलै १९९३ मध्ये रोटा यांनी गुन्हा कबूल केला आणि सांगितले, की काही खासदार तिकिटांच्या खरेदीची पावती करून प्रत्यक्षात रोख रक्कम घेऊन जात. कागदपत्रांत त्यांतल्या एकाचा उल्लेख 'काँग्रेसमन ए' असा होता आणि तो कोण हे सर्वांना कळले. हा आरोप रॉस्टेनकाउस्की यांनी शेवटपर्यंत नाकारला आणि तो सिद्धही झाला नाही.

३१ मे १९९४ रोजी जे आरोपपत्र आले ते यापेक्षा खूप रुंद होते. दाखल करणारे वॉशिंग्टनचे सरकारी वकील होते एरिक होल्डर, जे पुढे ओबामांच्या काळात अमेरिकेचे ॲटर्नी जनरल झाले. ते स्वतः राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी नेमलेले, आणि आरोपी क्लिंटन यांच्या आरोग्ययोजनेचा काँग्रेसमधला मुख्य आधार, हे लक्षात घेतले तर त्या निर्णयाचे वजन कळते. आरोपपत्रात म्हटले होते, की दोन दशकांत १४ माणसे खासदारांच्या कार्यालयाच्या पगारावर होती आणि कार्यालयाचे काम जवळजवळ करत नव्हती. कोणी विस्कॉन्सिनमधल्या त्यांच्या उन्हाळी घराचे गवत कापत होते, कोणी घरच्या लग्नाचे फोटो काढत होते. प्रतिनिधिगृहाच्या स्टेशनरी दुकानातून सुमारे ४०,००० डॉलरच्या वस्तू सरकारी खर्चाने घेऊन मित्रांना वाटल्याचाही आरोप होता: चिनी मातीची भांडी, खुर्च्या, स्फटिकाचे कॅपिटॉलचे घुमट. शिवाय, त्या स्फटिकांवर नावे कोरणाऱ्या कारागिराला ग्रँड ज्युरीपुढे (आरोप ठेवायचे की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे) त्याबद्दल बोलू नको असे सांगितल्याचा आरोप होता, जो मला व्यक्तिशः सगळ्यात गंभीर वाटतो.

त्याआधी त्यांच्या वकिलांनी सरकारी पक्षाशी तडजोडीची बोलणी केली होती. काही महिन्यांच्या शिक्षेवर प्रकरण मिटले असते. त्यांनी नकार दिला आणि आपण कोणताही गुन्हा केलेला नाही असे जाहीर केले. पक्षाच्या नियमाप्रमाणे आरोपपत्र येताच समितीचे अध्यक्षपद गेले. खटल्याच्या सुरुवातीला त्यांच्या बाजूने असा मुद्दा मांडला गेला, की सभागृहाचे खर्चाचे नियम इतके मोघम आहेत की त्यांचा अर्थ लावणे न्यायालयाचे काम नाही. १९९५ साली अपील न्यायालयाने तो मुद्दा बहुतांशी फेटाळला. एप्रिल १९९६ मध्ये त्यांनी टपालाद्वारे फसवणुकीच्या दोन आरोपांची कबुली दिली, एक काम न करणाऱ्यांच्या पगाराबद्दल आणि एक भेटवस्तूंबद्दल. बाकीचे मागे घेतले गेले. न्यायाधीश नॉर्मा हॉलोवे जॉन्सन यांनी त्यांना अत्यंत कठोर शब्दांत सुनावले आणि १७ महिने कैद व १,००,००० डॉलर दंड ठोठावला. त्यांतले सुमारे १५ महिने त्यांनी भोगले, काही काळ मिनेसोटातल्या तुरुंगरुग्णालयात, कारण त्यांना प्रोस्टेटचा कर्करोग झाला होता, आणि मग विस्कॉन्सिनमधल्या ऑक्सफर्डच्या तुरुंगात.

या सगळ्यात मला एक गोष्ट राहून राहून सतावते. त्या काळच्या कायद्यात एक तरतूद अशी होती, की १९८० च्या आधीपासून असलेला खासदार १९९२ ची निवडणूक न लढवता निवृत्त झाला, तर निवडणूकनिधीतली शिल्लक त्याला स्वतःसाठी नेता येत असे. रॉस्टेनकाउस्की यांच्या निधीत १० लाख डॉलरहून अधिक रक्कम होती. टपालघराची चौकशी तेव्हा सुरू झालेली होती. ते पैसे कायदेशीरपणे खिशात घालून घरी बसायची वाट मोकळी होती, आणि ते पुन्हा उभे राहिले. नुसता पैशाचा लोभी माणूस असे करत नाही. पुढे त्या निधीतला मोठा हिस्सा वकिलांवर गेला.

निवडणुकीचे सांगायचे, तर मार्च १९९४ मधल्या पक्षांतर्गत निवडणुकीसाठी क्लिंटन स्वतः शिकागोत येऊन त्यांच्या शेजारी उभे राहिले आणि ते तरले. नोव्हेंबरात मायकेल फ्लॅनागन या फारशा कोणाला माहीत नसलेल्या रिपब्लिकन वकिलाने ५४ विरुद्ध ४६ टक्क्यांनी त्यांना हरवले. त्याच दिवशी डेमोक्रॅटिक पक्षाची सभागृहातली ४० वर्षांची सत्ता संपली आणि सभापती टॉम फोली हेही पडले.

नोंदवही

मी थोडी वेगळी बाजू मांडू इच्छितो. मला या माणसाबद्दल वाईट वाटते, आणि ते मी लपवणार नाही.

१९९३ चा क्लिंटन यांचा अर्थसंकल्प २१८ विरुद्ध २१६ मतांनी मंजूर झाला. एक मत इकडचे तिकडे झाले असते तर तो पडला असता. तो इथवर आणण्यात त्यांच्या समितीचा मोठा वाटा होता. १९९४ च्या उन्हाळ्यात आरोग्यविमा सर्वांना मिळवून देण्याचे विधेयक त्यांच्या समितीपुढे होते, आणि नेमके तेव्हाच ते पायउतार झाले. फ्लोरिडाचे सॅम गिबन्स यांनी समिती चालवली, विधेयक समितीबाहेरही काढले, पण सभागृहात मते बांधून आणण्याची रॉस्टेनकाउस्की यांची हातोटी वेगळीच होती. ते असते तर विधेयक झाले असते असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. सिनेटमध्येही ते अडलेलेच होते. पण ज्या लाखो घरांत विम्याविना दुखणी अंगावर काढली गेली, त्यांच्या नशिबाचा एक धागा स्टेशनरीच्या दुकानात अडकला होता, हा विचार मला अस्वस्थ करतो.

२२ डिसेंबर २००० रोजी क्लिंटन यांनी त्यांना माफी दिली. तिच्यासाठी शब्द टाकणाऱ्यांत माजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड होते, जे रिपब्लिकन. रॉस्टेनकाउस्की यांची बाजू घेणाऱ्यांचे म्हणणे साधारण असे होते, की डॅन काँग्रेसमध्ये आला तेव्हा जे नियम होते त्यांप्रमाणेच तो खेळत राहिला; नियम बदलले आणि तो बदलला नाही. मला हे न्याय्य वाटते. पूर्वी डझनावारी खासदार हेच करत होते आणि एकाला उदाहरण म्हणून उभे केले गेले. शिक्षा झाली त्या दिवशी ते स्वतःही याच अर्थाचे बोलले होते.

कंदील

नोंदवही, आपले दुःख मला समजते, परंतु मी सहमत नाही. सरकारी पगारावर गवत कापायला माणूस ठेवणे १९५९ सालीही चुकीचेच होते. फरक एवढाच, की तेव्हा कोणी विचारत नव्हते.

आणि ही रीत संपलेली नाही. इलिनॉय विधानसभेचे सभापती मायकेल मॅडिगन, जे १९७१ पासून ५० वर्षे आमदार होते आणि देशातल्या कोणत्याही विधिमंडळात सर्वांत दीर्घकाळ सभापती राहिले, त्यांना फेब्रुवारी २०२५ मध्ये दोषी ठरवले गेले आणि जूनमध्ये साडेसात वर्षांची शिक्षा झाली. त्या प्रकरणाच्या मुळाशीही काम न करता पगार घेणारी माणसेच होती. फक्त या वेळी पगार कॉमएड ही वीजकंपनी देत होती आणि बदल्यात तिला विधानसभेची मर्जी हवी होती. दोघेही डेली यांच्याच मशीनमध्ये घडलेले. पहिल्याला माफी मिळाल्यावर दुसऱ्याने कोणता धडा घ्यायला हवा होता?

उत्तररेषा

नोंदवही आणि कंदील, दोघांचेही प्रतिसाद मी दोनतीनदा वाचले. नियम बदलले, या युक्तिवादावर मीही बराच काळ विश्वास ठेवत आले आहे. या धाग्याच्या निमित्ताने जुन्या घटना पुन्हा तारीखवार लावून पाहिल्या आणि माझे मत बदलले. ते का, एवढे सांगते.

नियम 'मध्येच' बदलले असे म्हणायचे तर ते कधी बदलले? मार्च १९६७ मध्ये प्रतिनिधिगृहाने न्यूयॉर्कमधल्या हार्लेमचे खासदार ॲडम क्लेटन पॉवेल यांना सभागृहाबाहेर काढले. त्यांच्यावर जे ठपके होते त्यांत एक असा, की त्यांची पत्नी पोर्टो रिकोत राहत होती आणि काम न करता त्यांच्या कार्यालयाचा पगार घेत होती. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली त्यांना बाहेर काढण्याची ती पद्धत घटनाबाह्य ठरवली, हे खरे, पण असे पगार चालणार नाहीत हे तर सभागृहाने भर दिवसा सांगितले होते. रॉस्टेनकाउस्की तेव्हा आठ वर्षांचे अनुभवी खासदार होते आणि त्याच वर्षी ते पक्षाच्या खासदार गटाचे अध्यक्ष झाले. मग १९७८. डेट्रॉइटचे खासदार चार्ल्स डिग्ज यांना कर्मचाऱ्यांचे पगार फुगवून ती रक्कम स्वतःच्या खर्चासाठी वापरल्याबद्दल दोषी ठरवले गेले. गुन्हा कोणता, तर टपालाद्वारे फसवणूक आणि खोटी विधाने. म्हणजे ज्या कलमाखाली रॉस्टेनकाउस्की १९९६ साली आत गेले, तेच कलम, तशाच पगारपत्रकासाठी, १८ वर्षे आधी, त्यांच्याच पक्षाच्या सहकाऱ्यावर लागले होते. १९७९ साली सभागृहाने डिग्ज यांची निर्भर्त्सना केली तेव्हा रॉस्टेनकाउस्की उपप्रतोद होते, म्हणजे सदस्यांची नस ज्याला ठाऊक असायला हवी अशा पदावर.

पॉवेल आणि डिग्ज दोघेही कृष्णवर्णीय होते. त्यांनी चूक केली नाही असे मला म्हणायचे नाही. डिग्ज यांचा तर खटला नीट चालला. पण सभागृहातल्या बड्या गोऱ्या समिती अध्यक्षांना आपले काही होणार नाही असा जो विश्वास वाटत होता, तो नियम माहीत नसल्यामुळे नव्हता. नियम दुसऱ्यांना लागतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. 'माझ्या वेळी असेच चाले' या वाक्यातले 'माझ्या' हा शब्द मला आता वेगळा ऐकू येतो.

नोंदवही, आरोग्यविधेयकाबद्दल तुम्ही लिहिले ते माझ्याही मनात आहे, आणि म्हणूनच मे १९९४ मधला तो तडजोडीचा नकार मला खटकतो. अध्यक्षपद तसेही जाणारच होते, हे त्यांना माहीत होते. विधेयक त्यांच्यासाठी खरोखर एवढे मोठे असते, तर १९९२ च्या निवृत्तीचा मार्ग, किंवा निदान १९९३ च्या जुलैत रोटा यांनी कबुली दिल्यावर समिती दुसऱ्याच्या हाती वेळेवर सोपवण्याचा मार्ग, त्यांच्यापुढे होता. गिबन्स यांना तयारीला एक वर्ष मिळाले असते. प्रत्यक्षात त्यांना काही आठवडेच मिळाले.

माफीबद्दल कंदील यांच्याशी माझा थोडा मतभेद उरतो. शिक्षा पूर्ण भोगलेल्या, कर्करोगाने खंगलेल्या ७२ वर्षांच्या माणसाला ती मिळाली, यात मला अन्याय वाटत नाही. ११ ऑगस्ट २०१० रोजी विस्कॉन्सिनमधल्या त्याच उन्हाळी घरी ते फुफ्फुसाच्या कर्करोगाने वारले आणि त्यांचा अंत्यविधी सेंट स्टॅनिस्लॉस चर्चमध्ये झाला. मात्र माफीच्या बाजूने जे कारण पुढे केले गेले, ते मला आता पटत नाही. दया म्हणून द्यायची होती तर दया म्हणून द्यायला हवी होती. पॉवेल यांचे १९७२ साली आणि डिग्ज यांचे १९९८ साली निधन झाले. त्यांच्या वेळी नियम बदलले होते, असे म्हणायला कोणी पुढे आल्याचे माझ्या वाचनात नाही.